खळगा दिसला म्हणजे ग्रह सापडला असं नाही: नागपुरात बसून खडकाळ बाह्यग्रह कसे शोधायचे आणि कसे पारखायचे

६ जून २०१२ च्या सकाळी ज्यांनी काळा चष्मा लावून सूर्याकडे पाहिलं, त्यांना शुक्राचं अधिक्रमण आठवत असेल. सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकत होता. त्या ठिपक्यानं सूर्याचा प्रकाश जेमतेम हजारातल्या एका भागानं कमी केला होता, आणि तोही शुक्र आपल्या इतका जवळ होता म्हणून. दुसऱ्या एखाद्या ताऱ्याजवळून कुणी आपल्या सूर्याकडे पाहत असेल, तर पृथ्वी सूर्यासमोरून जाताना त्याला फक्त ०.००८४ टक्के घट दिसेल, म्हणजे दहा लाखांत ८४ भाग. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांना बाह्यग्रह म्हणतात, आणि त्यातल्या लहान खडकाळ ग्रहांचा शोध म्हणजे असल्या खळग्यांचा शोध.

गेली काही वर्षं मी नागपुरात कॉलेजच्या मुलामुलींसोबत हे काम करतो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की समजली. खळगा शोधायला लॅपटॉप आणि एक संध्याकाळ पुरते. खरे कष्ट त्यानंतर सुरू होतात, कारण तो खळगा ग्रहाखेरीज दुसऱ्या कशानंही पडलेला नाही हे एकेक करून तपासावं लागतं. त्या तपासणीतला एक टप्पा नागपूरच्या गच्चीवरून खरोखर करता येतो. पूर्ण रस्ता क्रमानं सांगतो.

सुरुवात अल्गॉलपासून

संगणक उघडण्याआधी डोळ्यांना सराव द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत संध्याकाळी ययाति तारकासमूहात अल्गॉल दिसतो. एरवी त्याची प्रत (तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद) २.१ असते, म्हणजे देवयानीतल्या अलमाकइतकीच. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी तो ३.४ प्रतीपर्यंत मंदावतो आणि पुन्हा उजळतो. हे ग्रहण साधारण दहा तास चालतं. अर्ध्या-अर्ध्या तासानं अलमाकशी तुलना करून वहीत नोंद करा, सकाळी आलेख काढा. तुमच्या हातचा पहिला प्रकाशवक्र तयार होईल.

अल्गॉलभोवती ग्रह नाही, दुसरा तारा फिरतो आहे. अशा जोडीला पिधानकारी युग्मतारा म्हणतात. ग्रहाचं सोंग सर्वांत जास्त वेळा हीच मंडळी घेतात, म्हणून सुरुवातीलाच त्यांची ओळख करून घेतलेली बरी.

तारा लहान निवडा

खळग्याची खोली म्हणजे ग्रहाची त्रिज्या भागिले ताऱ्याची त्रिज्या, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. ग्रह मोठा करणं आपल्या हातात नाही, पण लहान तारा निवडणं आहे. एलएचएस ३८४४ हा सुमारे ४९ प्रकाशवर्षांवरचा लाल खुजा तारा. त्याची त्रिज्या सूर्याच्या ०.१९ पट, म्हणजे पृथ्वीच्या साधारण २१ पट. त्याचा ग्रह पृथ्वीच्या १.३ पट. १.३ ला २१ नं भागून वर्ग केला की जवळपास ०.४ टक्के येतात. तोच ग्रह सूर्यासमोर असता तर खळगा ०.०१४ टक्के पडला असता. ट्रॅपिस्ट-१ हा तर याहूनही लहान तारा आहे आणि त्याच्याभोवती पृथ्वीच्या आसपासच्या आकाराचे सात ग्रह सापडले.

लाल खुज्या ताऱ्यांचा आणखी एक फायदा आहे. त्यांचे ग्रह अगदी जवळून फिरतात, त्यामुळे कक्षा आपल्या दृष्टिरेषेत असण्याची शक्यता वाढते. पृथ्वी-सूर्याच्या बाबतीत ही शक्यता सुमारे २०० त १ आहे, एलएचएस ३८४४ च्या बाबतीत ७ त १.

सराव याच ताऱ्यावर करा. तो सिंधू तारकासमूहात इतका दक्षिणेला आहे की नागपुरातून क्षितिजाच्या वर येतच नाही, तरीही त्याचा ग्रह तुम्ही लॅपटॉपवर तासाभरात पाहू शकता.

विदा (डेटा) उतरवणं आणि धुणं

नासाची टेस दुर्बीण एप्रिल २०१८ मध्ये अवकाशात गेली. आकाशाचा एकेक पट्टा, म्हणजे सेक्टर, ती सुमारे २७ दिवस सलग पाहते आणि तिची सगळी मोजमापं फुकट खुली आहेत. पायथॉनमधलं 'लाइटकर्व्ह' हे पॅकेज घ्या. स्वतःचा संगणक जुना असेल तर गूगल कोलॅबवर चालवा, आमच्याकडची बरीच मुलं तेच करतात. ताऱ्याचं नाव देऊन शोध घ्या, टेसच्या पहिल्या सेक्टरची दोन मिनिटांच्या अंतरानं घेतलेली विदा निवडा आणि उतरवा.

आलेख काढला की पहिल्यांदा निराशा होते. रेषा लाटांसारखी वरखाली जाते, मधेच दिवसभराची फट असते. ही फट समजून घ्या. टेस पृथ्वीभोवती १३.७ दिवसांत एक फेरी करते आणि पृथ्वीजवळ आली की विदा खाली पाठवण्यासाठी निरीक्षण थांबवते. त्या फटीच्या आगेमागे पृथ्वी आणि चंद्राचा पसरलेला प्रकाश कॅमेऱ्यात शिरतो. तुमच्या शोधात खळग्यांचा आवर्तकाल, म्हणजे दोन खळग्यांमधला काळ, १३.७ दिवस किंवा त्याच्या निम्मा आला, तर त्यावर लगेच विश्वास ठेवू नका.

मग लाटा सपाट करायच्या. इथं बहुतेक जण चुकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. सपाट करणारी खिडकी खळग्याच्या कालावधीच्या किमान तिप्पट तरी रुंद हवी. खिडकी अरुंद ठेवली की प्रोग्रॅम खळग्यालाच लाट समजतो आणि भरून टाकतो. एलएचएस ३८४४ चं अधिक्रमण सुमारे अर्धा तास चालतं. दोन मिनिटांच्या विदेवर ४०१ बिंदूंची खिडकी म्हणजे तेरा तासांहून थोडी जास्त, ती सुरक्षित आहे. एकदा मुद्दाम २१ बिंदूंची खिडकी लावून बघा. खळगा डोळ्यांदेखत उथळ होतो, आणि मग हा धडा विसरला जात नाही.

आता आवर्तकाल शोधा. यासाठी पेटीच्या आकाराचा खळगा वेगवेगळ्या आवर्तकालांवर बसवून पाहणारी 'बीएलएस' ही पद्धत आहे, २००२ मध्ये मांडलेली. शोधाची मर्यादा ०.३ ते १३ दिवस द्या. ०.४६ दिवसांवर, म्हणजे सुमारे ११ तासांवर, एक उंच सुळका उभा राहील. त्या आवर्तकालावर सगळी विदा घडी घालून एकावर एक ठेवा. २७ दिवसांत पन्नासहून अधिक अधिक्रमणं होतात, त्यामुळे विदेतला गोंगाट, म्हणजे निरर्थक चढउतार, सात पटींनी खाली बसतो आणि मधोमध स्वच्छ खळगा उभा राहतो. हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे. ४९ प्रकाशवर्षांवरच्या एका खडकाची सावली आपल्या स्क्रीनवर पडलेली असते, आणि माझा जीव दरवेळी तितकाच हरखतो.

उलटतपासणी

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी असाच आलेख घेऊन आली. तिनं स्वतः निवडलेल्या ताऱ्यावर ०.३ टक्क्यांचा खळगा होता, आवर्तकाल १.९ दिवस, आकार सुबक. "काका, हा तर ग्रहच आहे ना?" तिचा आवाज थरथरत होता. आम्ही आवर्तकाल दुप्पट करून घडी घातली. १.९ दिवसांच्या जागी ३.८ दिवस घेतल्यावर दोन खळगे वेगळे झाले, एक ०.३५ चा आणि दुसरा ०.२५ चा. ग्रह दर फेरीत तेवढाच प्रकाश अडवतो. इथं मात्र दोन तारे आळीपाळीनं एकमेकांना झाकत होते. ती बराच वेळ गप्प बसली. नंतर तिनंच ही तपासणी आमच्या नोटबुकात सगळ्यांत वर लिहून ठेवली, आणि तिची जागा खरोखर तीच आहे.

सम-विषम खळग्यांनंतर दुय्यम खळगा पाहा. मुख्य खळग्यापासून अर्ध्या फेरीवर दुसरी लहान घट असेल, तर झाकला जाणारा सोबती स्वतः प्रकाशमान आहे, म्हणजे बहुधा तारा आहे. मग आकार. लहान ग्रहाचा खळगा तळाशी सपाट असतो, तर एकमेकांना चाटून जाणाऱ्या ताऱ्यांचा टोकदार. खळग्याचा कालावधीही ताऱ्याच्या घनतेशी जुळायला हवा, लहान दाट ताऱ्यासमोर चार तासांचं अधिक्रमण शोभत नाही. प्रत्येक सुटा खळगा वेगळा काढूनही बघा. टेस आपली दिशा सांभाळणाऱ्या चाकांचा वेग ठरावीक वेळी कमी करते तेव्हा प्रतिमा क्षणभर हलते आणि खोटी घट उमटते.

सर्वांत महत्त्वाची तपासणी प्रकाशाच्या केंद्राची. टेसचा एक पिक्सेल २१ विकलांचा आहे (एका अंशात ६० कला, एका कलेत ६० विकला). पूर्ण चंद्राचा व्यास सुमारे १८०० विकला असतो हे लक्षात घेतलं, तर एका पिक्सेलमध्ये किती आकाश मावतं याचा अंदाज येईल. तुमच्या ताऱ्यासोबत त्यात चार-पाच मंद शेजारीही प्रकाश सांडत असतात. खळग्याच्या वेळी प्रकाशाचं केंद्र शेजाऱ्याच्या बाजूला सरकलं, तर खळगा तुमच्या ताऱ्याचा नव्हे.

ताऱ्याची स्वतःची माहितीही ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या यादीतून नव्यानं तपासा. टीओआय-७०० या ताऱ्याला सुरुवातीला सूर्यासारखं समजलं गेलं होतं, त्यामुळे त्याचे ग्रह प्रत्यक्षाहून मोठे आणि तापलेले वाटत होते. तारा लहान आहे हे कळल्यावर त्यातला एक ग्रह जवळपास पृथ्वीएवढा आणि पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर निघाला. ही दुरुस्ती करणाऱ्या गटात हायस्कूलचा एक विद्यार्थीही होता, हे मी आमच्या मुलांना आवर्जून सांगतो.

गच्चीवरचं काम

लोक विचारतात, आठ इंची दुर्बिणीतून पृथ्वीएवढा ग्रह दिसेल का? सूर्यासारख्या ताऱ्यासमोरचा नाही दिसणार. आपल्या डोक्यावरची हवा ताऱ्याचा प्रकाश टक्क्याच्या काही दशांशांनी सतत हलवत असते. पण शेजारी तपासता येतात, आणि इथं गणित आपल्या बाजूनं आहे.

समजा तुमचा तारा ९ व्या प्रतीचा आहे आणि टेसनं ०.१ टक्क्याचा खळगा दाखवला आहे. पंधरा विकलांवर १४ व्या प्रतीचा शेजारी आहे. पाच प्रतींचा फरक म्हणजे तो शंभर पटींनी मंद, पिक्सेलमधल्या प्रकाशात त्याचा वाटा एक टक्का. एकूण प्रकाशात ०.१ टक्का घट पाडायची तर त्याला स्वतः दहा टक्के मंदावावं लागेल. दहा टक्क्यांची घट आठ इंची दुर्बीण पकडते! आपल्या दुर्बिणीत ते दोन तारे सुटे दिसतात, टेसच्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत. अडीच कला परिघातले सगळे शेजारी ठरलेल्या वेळी तपासून एकही मंदावला नाही असं दाखवलं, की संशयितांची मोठी फळी बाद होते. गोंगाट असलेल्या आपल्या शहरी आकाशाखालून विज्ञानाला याहून उपयोगी काही देता येईल असं मला वाटत नाही.

त्याआधी हात बसवा. ऑक्टोबरात पावसाळा सरला की संध्याकाळी डोक्याजवळ जंबुक तारकासमूह असतो. त्यात एचडी १८९७३३ हा ७.७ प्रतीचा तारा आहे. त्याचा गुरूसारखा वायूचा ग्रह दर २.२ दिवसांनी २.४ टक्क्यांचा खळगा पाडतो, पावणेदोन तासांच्या आसपास. तारा तेजस्वी आहे, म्हणून फोकस किंचित सोडून प्रकाश जास्त पिक्सेलवर पसरवा, नाहीतर पिक्सेल भरून ओसंडतात. अधिक्रमणाच्या तासभर आधी सुरू करा आणि संपल्यावर तासभर चालू ठेवा. सपाट कडा हाती नसतील तर खळगा मोजायचा कशाच्या तुलनेत? फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वॉस्प-४३ घ्या. १२.४ प्रतीचा हा तारा १४ व्या प्रतीचे शेजारी मोजण्याची चांगली पूर्वतयारी करून देतो.

नागपूरच्या काही खास अडचणी आहेत. एप्रिल-मेमध्ये गच्चीचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो आणि तारे त्यावर नाचतात. आम्ही सूर्य मावळताच गच्चीवर पाणी मारतो, दोन-तीन तासांत फरक पडतो. कॅमेरा हवेपेक्षा साधारण ३५ अंश खाली नेता येतो. रात्री दहा वाजता हवा ३६ ला असेल, तर हिवाळ्यात लावता तसं उणे १० लावू नका. कूलिंग शंभर टक्क्यांवर धापा टाकत राहतं आणि तापमान हलतं. शून्य ते ५ अंशांवर स्थिर ठेवा, आणि डार्क फ्रेम (झाकण लावून घेतलेली छायाचित्रं) त्याच तापमानाच्या वापरा. जानेवारीत पहाटे दव पडतं, काचेला हीटर पट्टी बांधा.

शहरातलं आकाश अगदीच उजळ वाटत असेल तर पेंच गाठा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. मंद शेजारी मोजायला तिथली एक रात्र शहरातल्या तीन रात्रींना भारी आहे.

वेळ बिनचूक हवी. संगणकाचं घड्याळ इंटरनेटशी जुळवा, आणि जागतिक वेळ (यूटीसी) काढताना भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करायला विसरू नका. मोठ्या याद्यांतली वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला धरून दिलेली असते, आपल्या घड्याळाच्या वेळेपेक्षा ती आठ मिनिटांपर्यंत इकडेतिकडे होते. 'अ‍ॅस्ट्रोइमेजजे' हे फुकट सॉफ्टवेअर ही दुरुस्ती स्वतः करतं आणि शेजाऱ्यांची मोजणीही. नवख्यांनी नासाच्या 'एक्सोप्लॅनेट वॉच' उपक्रमात नोंदणी करावी, तिथं 'एक्झॉटिक' नावाचं सोपं साधन मिळतं आणि तुमची मोजमापं जपूनही ठेवली जातात.

आपल्या हातापलीकडचे टप्पे

पुढे मोठ्या दुर्बिणी लागतात. एक-दोन विकलांच्या आतला शेजारी फक्त त्यांच्या अतिसूक्ष्म छायाचित्रांत सुटतो. ती छायाचित्रं, शेजाऱ्यांचे अहवाल, गायाची माहिती असं सगळं घालून खळगा खोटा असण्याची शक्यता काढतात. ती एका टक्क्याखाली गेली की ग्रहाला वैध ठरवतात. केपलर दुर्बिणीचे १२८४ ग्रह २०१६ मध्ये अशाच ९९ टक्क्यांच्या निकषावर एकदम जाहीर झाले. पण वैध आणि वस्तुमान मोजलेला यांत फरक आहे. खडकाळ हा शब्द दुसऱ्यालाच लावायचा.

वस्तुमान मिळतं ताऱ्याच्या डुलण्यातून. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित आपल्याकडे येतो आणि दूर जातो, त्याच्या वर्णपटातल्या रेषा तेवढ्या सरकतात. गुरू सूर्याला सेकंदाला साडेबारा मीटर वेगानं डुलवतो, पृथ्वी फक्त ९ सेंटिमीटर, म्हणजे रांगणाऱ्या बाळाहूनही सावकाश. चिलीतला हार्प्स वर्णपटमापक २००३ पासून सेकंदाला एक मीटरच्या आसपास पोचला, एस्प्रेसो त्याहून बारीक मोजतो. आपल्याकडे माउंट अबूच्या गुरुशिखरावर भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचा पारस-२ अडीच मीटरच्या दुर्बिणीवर बसवला आहे. टीओआय-६६५१ बी या सुमारे ६० पृथ्वीइतक्या वजनी ग्रहाचं वस्तुमान त्यानंच मोजलं, २०२४ मध्ये.

या टप्प्यावर भलेभले फसले आहेत. १८५५ मध्ये मद्रास वेधशाळेतल्या कॅप्टन जेकबनं भुजंगधारीतल्या ७० ऑफियुकी या जोडताऱ्याजवळ ग्रह असल्याचा दावा केला. तो टिकला नाही. २०१२ मध्ये अल्फा सेंटॉरी बी भोवती ३.२४ दिवसांचा पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला, तीन वर्षांनी कळलं की तो निरीक्षणांच्या वेळा ज्या अंतरानं पडल्या होत्या त्यातूनच उपजला होता. ग्लीस ५८१ डी हा ग्रहही ताऱ्यावरच्या डागांचा खेळ निघाला. म्हणून आवर्तकाल आणि ताऱ्याचं स्वतःभोवती फिरणं यांची तुलना करा, अर्ध्या आणि तिसऱ्या हिश्शाचीही. कर्केतल्या ५५ कॅन्क्री ई ची गोष्ट मला विशेष आवडते. २००४ मध्ये त्याचा आवर्तकाल २.८ दिवस धरला होता. २०१० मध्ये दोघा संशोधकांनी जुनीच विदा पुन्हा तपासून दाखवलं की रोज रात्रीच निरीक्षण केल्यामुळे ही फसगत झाली, खरा आवर्तकाल १८ तासांहून थोडा कमी आहे. त्या वेळेला धरून पाहिल्यावर २०११ मध्ये अधिक्रमण सापडलंही.

घनता: शेवटचा हिशेब

त्रिज्या खळग्यातून आली, वस्तुमान डुलण्यातून. पृथ्वीच्या पटींत वस्तुमान भागिले त्रिज्येचा घन, गुणिले ५.५१, की घनता येते, ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. केपलर-१० बी हा केपलरचा पहिला खडकाळ ग्रह, जानेवारी २०११ मध्ये जाहीर झालेला. तेव्हा त्रिज्या १.४२ आणि वस्तुमान ४.५६ होतं, घनता सुमारे ८.८ आली, लोखंडाहूनही जास्त. २०१४ मध्ये शंभराहून अधिक नव्या निरीक्षणांवरून वस्तुमान ३.३३ आणि त्रिज्या १.४७ ठरली. घनता उतरली ५.८ वर, जवळजवळ पृथ्वीइतकी. त्रिज्येतली चार टक्क्यांची चूक घनतेत बारा टक्के होऊन येते, म्हणून ताऱ्याच्या त्रिज्येकडे पुन्हा पुन्हा परत यावं लागतं.

साधारण १.६ पृथ्वी-त्रिज्येच्या वर बरेच ग्रह वायूचं आवरण बाळगून असतात. त्याखाली खडक असण्याची शक्यता जास्त, पण ती शक्यताच असते. तुमच्या वहीत वस्तुमानाचा रकाना रिकामा असेल तर 'पृथ्वीएवढ्या आकाराचा' इतकंच लिहा. आमच्या नोटबुकात अशा अकरा नोंदी आहेत. त्यातल्या चारांचे शेजारी आम्ही तपासले आहेत, बाकीच्या सातांसाठी ऑक्टोबरच्या रात्री आत्ताच राखून ठेवल्या आहेत.